एकतिसावा दगड

त्या वर्षी ईस्टरनंतर पाऊस असा झालाच नाही. जुलै लागला तेव्हा लाइटे ओढ्यात नुसते गोटे उरले होते आणि गोट्यांवरचं शेवाळ वाळून पापुद्र्यासारखं सुटत होतं. पहिली गवतकापणी निम्मी आली, दुसरीची आशाच नव्हती. मी तेव्हा डेअरीची दुधाची गाडी चालवत असे. रोज सकाळी आमच्या लाइट्सग्रुंडमधल्या प्रत्येक अंगणात माझी गाडी थांबायची, त्यामुळे कुणाचं काय चाललंय ते कॅन उचलतानाच हाताला कळायचं. त्या महिन्यात सगळेच कॅन हलके झाले होते. त्यातल्या त्यात बरे होते ते लोरेन्झ श्राउडरचे, कारण त्याच्या कुरणात झरा होता. दहा मैलांत बाकीचं पाणी आटलं तरी तो झरा मनगटाएवढा वाहत होता.

गाव दोनशे अकरा माणसांचं, पण मुळात ती दोन गावं. ओढ्याच्या वरचं अंग बिशपचं, खालचं मारग्राफचं, म्हणजे पलीकडच्या सरदाराचं. वरचे कॅथलिक, खालचे लुथरचे. दोन चर्चं, दोन स्मशानं आणि दोन घंटा, त्यामुळे दुपारचे बारा आमच्याकडे दोनदा वाजतात. बिशपचं राज्य गेलं, मारग्राफही गेले, मागे शिवेचे बेचाळीस दगड तेवढे राहिले. वरच्या तोंडाला बिशपचा दंड कोरलेला, खालच्या तोंडाला गरुड. आजोबांच्या काळात मोठा पूर आला आणि ओढ्याने पात्र बदललं, तेव्हापासून शीव पाण्याने ठरत नाही, दगडाने ठरते.

हे दगड सातजण सांभाळतात. चार वरचे, तीन खालचे. एकदा शपथ घेतली की ती मरेपर्यंत, जागा सोडली तरी गुपित सुटत नाही. दगड बसवताना त्याच्या बुडाशी ते काही खुणा पुरतात. त्या कशाच्या, किती आणि कशा मांडायच्या, हे सातजणांशिवाय कुणाला ठाऊक नाही. ते खड्ड्यापाशी बसले की बाकीच्यांनी तीस पावलं लांब जाऊन पाठ करून उभं राहायचं. दगड कुणी सरकवला तर खुणा मागे राहतात, आणि ज्या दगडाखाली खुणा नाहीत तो नुसता धोंडा. त्या खुणा काय असतात हे मला माहीत नाही. माहीत असतं तरी इथे सांगितलं नसतं.

लोरेन्झ त्या सातांतला एक होता. त्याच्या आधी त्याचा बाप आंद्रेआस होता. डोळे अधू झाल्यावर त्याने जागा सोडली आणि ती लोरेन्झला मिळाली. असं बापामागून मुलगा आमच्याकडे क्वचितच होतं. त्या घराला तसा मान होता.

सोमवारी दुपारी लोरेन्झ आणि त्याची बायको बाबेट ओढ्याकाठच्या झाडांचा पाला उतरवत होती. वैरण पुरत नव्हती म्हणून पाला वाळवून ठेवायचा, हे काम त्याच्या बापाच्या पिढीनंतर कुणी केलं नव्हतं. लोरेन्झ शिडीवर, बाबेट खाली डहाळ्यांच्या पेंढ्या बांधतेय. तिच्या हातांना बांधायच्या दोरीने वळ उठले होते. तिथे कोनराड मेर्गनर आला. हा खालच्या अंगाचा, झऱ्याच्या कुरणाला लागून असलेल्या जमिनीचा मालक. मोजकं बोलणारा माणूस. चार वर्षं रशियात कैदेत काढली होती आणि तेव्हापासून जेवताना ताटाभोवती हात वेढून बसायचा.

"गुरुवारी सातजणांना बोलावलंय," तो म्हणाला. "एकतीस नंबरचा दगड उघडायचाय."

लोरेन्झने कोयता थांबवला. "कशाला?"

"जागेवर आहे का ते बघायला."

"तीस वर्षं तिथेच आहे."

"तीस वर्षं आहे, ते मलाही दिसतं," मेर्गनर म्हणाला. "त्याच्या आधी कुठे होता ते बघायचंय."

तो भांडायला आला नव्हता. त्याची एकोणीस गुरं होती आणि तो रोज टाकीने तालुक्याहून पाणी आणत होता. रविवारी त्याची एक गाभण गाय गोठ्यात बसली ती उठली नाही. हे त्याने सांगितलं नाही, पण आम्हा सगळ्यांना माहीत होतं. टोपीला हात लावून तो निघून गेला.

बाबेटने विचारलं, हे काय नवीन? लोरेन्झ म्हणाला, काही नाही, त्याच्या आईचं जुनं खूळ. खूळ म्हणजे असं, की कोनराडची आई रेटा मेर्गनर मरेपर्यंत म्हणत आली, तो झरा आमचा, दगड हलवलाय. लढाई संपल्यावर तिने एकदा सातजणांना बोलावलंही होतं. त्यांनी दगड उघडला, खुणा आहेत म्हणून सांगितलं आणि पुन्हा बसवला. तेव्हापासून गावात तिचं नाव दगडवाली पडलं. पोरं तिच्या वाटेवर खडे मांडून ठेवायची. त्या पोरांत मीही होतो.

रात्रीच्या जेवणाला लोरेन्झने बापाच्या कानावर घातलं. आंद्रेआस चौऱ्याऐंशीचा, दोन काठ्यांनी चालायचा, पण अंगाने अजून खांबासारखा. त्याच्यापुढे ताक आणि बटाटे होते. तो खात राहिला. मग चमचा ठेवून म्हणाला, ते कुरण बिशपच्या काळापासून आपलं आहे. पण ताकाचा वाडगा त्याने निम्मा ठेवला, आणि लढाईनंतरची उपासमार पाहिलेला माणूस वाडगा कधी निम्मा ठेवत नाही. लोरेन्झला ते खटकलं.

मंगळवारी सकाळी लोरेन्झ गोठ्यात शेण ओढत असताना म्हातारा काठ्या टेकत आला आणि दाराला पाठ लावून उभा राहिला.

"तू आधी जाऊन बघून ये," तो म्हणाला.

"काय बघू?"

"दगडाखाली."

लोरेन्झने फावडं भिंतीला टेकवलं. दगडाखाली काय असणार, असं त्याने विचारलं नाही. ज्या अर्थी बाप बघून ये म्हणतो, त्या अर्थी तिथे काही नाही, हे त्याला उमगलं होतं.

मग म्हाताऱ्याने सांगितलं. सत्तेचाळीस सालच्या दुष्काळातली गोष्ट. घरात पूर्वेकडून आलेल्या निर्वासितांची दोन कुटुंबं कोंबलेली, सहा गाई, त्यांतल्या दोन आडव्या पडलेल्या, लोरेन्झची धाकटी बहीण हगवणीने गेलेली. झरा शिवेपलीकडे, दहा पावलांवर. मेर्गनरीण पाणी देत होती, नाही म्हणत नव्हती, पण रोज जाऊन मागावं लागायचं. एके दिवशी ती मुलाचा काही पत्ता लागतो का ते विचारायला रेड क्रॉसच्या कचेरीत गेली होती. तिचा नवरा लढाईत गेलेला, घरात माणूस नाही. भर दुपारी आंद्रेआसने पहार आणि हातगाडी घेतली. दगड अडीच माणसांच्या वजनाचा, त्याने एकट्याने चौदा पावलं, झऱ्याच्या पलीकडे हलवला. खुणांना त्याने हात लावला नाही. शपथेवरचा माणूस, तेवढी हिंमत झाली नाही म्हणे. पुढच्या वर्षी रेटाने सातजणांना बोलावलं तेव्हा खड्ड्यात हात घालणारा तोच होता. खुणा आहेत, असं तोच म्हणाला. बाकीच्या सहांनी त्याच्या शब्दावर माती लोटली.

"दोन वर्षांत हे गावच उरणार नाही," म्हातारा म्हणाला. "सरकार आपल्याला मोठ्या गावात घालणार. कसली शीव आणि कसलं काय. तुला खुणा ठाऊक आहेत. तुला सगळं ठाऊक आहे. तू घाल."

"तुम्हाला तेव्हा झालं नाही, ते मला करायला सांगताय."

"तेव्हा माझ्याकडे सहा गाई होत्या. तुझ्याकडे चौदा आहेत," बाप म्हणाला आणि काठ्या टेकत गेला.

बुधवारी दोन्ही घंटा बाराच्या वाजून गेल्या आणि गाव जेवायला बसलं, तेव्हा लोरेन्झ कुदळ, पहार आणि विजारीच्या खिशात एक पुरचुंडी घेऊन कुरणात गेला. हे सगळं त्याने मला नंतर सांगितलं. पुरचुंडीत काय होतं ते नाही सांगितलं.

जमीन विटेसारखी झाली होती. पहिल्या घावाला कुदळ उसळून मनगटात कळ गेली. झऱ्याचं पाणी टोपीत आणून त्याने दगडाभोवती ओतलं, थोडं मुरू दिलं, मग खणलं. पाठीला सदरा चिकटला होता आणि घोडमाश्या मानेवर बसत होत्या, हाकलायला हात मोकळा नव्हता. पहारेने दगड कलता करून त्याने खांदा लावला आणि एका हाताने बुडाशी चाचपलं. माती, मुळ्या, एक गांडूळ. आणखी काही नाही. बापाच्या तोंडून ऐकलं होतं, तरी त्याने पुन्हा एकदा सगळीकडे चाचपलं. दगड खांद्यावर तसाच तोलत तो किती वेळ थांबला ते त्याला आठवत नाही. खालच्या अंगाला मेर्गनरच्या गोठ्यातून गुरं ओरडत होती. तहानेने ओरडणारं जनावर वेगळं ओरडतं, आवाज खरवडल्यासारखा येतो. ते ऐकत त्याने खिशात हात घातला.

खुणा मांडून, दगड उभा करून, माती पायाने चोपून त्याने वरून सुकं गवत पसरलं. घरी आला तेव्हा बाबेट चुलीपाशी होती. सातजणांतला नवरा म्हणजे काही गोष्टी विचारायच्या नाहीत, हे ती लग्नापासून पाळत आली होती. तिने त्याच्या सदऱ्याच्या खांद्यावरचा ओल्या मातीचा पट्टा पाहिला. त्या उन्हाळ्यात अख्ख्या गावात ओली माती एकाच जागी होती.

तिने सदरा काढून घेतला आणि भिजत टाकला. मग पाठमोरीच म्हणाली, "मी या घरात आले त्या वर्षी रेटाबाईंनी मला अंडी आणून दिली होती. म्हणाल्या, माझं भांडण तुझ्याशी नाही, पोरी."

लोरेन्झने जेवणाला हात लावला नाही.

गुरुवारी सकाळी दूध गोळा करून मी गाडी ओढ्यापाशी लावली. निम्मं गाव आलं होतं, वरचे एका बाजूला, खालचे एका बाजूला, कुरणात सावलीला झाड म्हणून नाही. सातांचा प्रमुख पांक्रात्स क्योडेल, खालच्या अंगाचा, सत्तरीचा, एका बोटाची दोन पेरं करवतीत गेलेला. ज्याच्या जमिनीचा दगड त्याने कुदळ धरायची नाही, अशी रीत रेटाच्या त्या बोलावण्यानंतर पडली होती. म्हणून लोरेन्झ त्या दिवशी आमच्याबरोबर उभा होता. क्योडेलने आम्हाला तीस पावलं मागे नेलं आणि पाठ करायला सांगितलं. माझ्या उजवीकडे लोरेन्झ, त्याच्या पलीकडे मेर्गनर. आम्ही तिघं चर्चच्या मनोऱ्याकडे बघत उभे. मागे कुदळीचे घाव पडत होते.

मी शेतकऱ्याच्या घरातला आहे. त्या आवाजावरून मलाही काहीतरी जाणवलं. कुदळ फार सहज जात होती. मी मेर्गनरकडे पाहिलं. तो मान खाली घालून ऐकत होता.

मग आवाज थांबला. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. नंतर क्योडेलने वळायला सांगितलं. तो गुडघ्यांवर होता, हात कोपरापर्यंत मातीत. तो मेर्गनरकडे बघत नव्हता, लोरेन्झकडे बघत होता.

"खुणा आहेत," तो म्हणाला. "दगड जागेवर आहे."

वरच्या बाजूचे लोक सैल झाले. कुणी तरी हसलं आणि दगडवालीचं नाव निघालं. मेर्गनरने टोपी काढली. कपाळावर टोपीचा पांढरा पट्टा, खाली सगळा चेहरा भाजलेला. तो लोरेन्झसमोर येऊन उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"मग मी तुझी माफी मागतो. म्हणजे मी तिला बरोबरच सांगत होतो. रशियातून आलो त्या दिवसापासून ती हेच बोलायची. मी म्हणायचो, आई, गप्प बस, शेजाऱ्यांशी राहायचंय. एकदा मी तिच्यावर हात उगारला. शेवटच्या आजारातसुद्धा तिने तोच विषय काढला तेव्हा मी उठून बाहेर गेलो, आणि आत आलो तेव्हा ती गेली होती." त्याने टोपी हातात फिरवली. "गाय मेली तेव्हा वाटलं, तिचं खरं असेल तर. एकदा बघायला हवं होतं. आता बघितलं."

त्याने हात पुढे केला.

लोरेन्झने तो घेतला नाही. त्याचा चेहरा पिठासारखा झाला होता. मला वाटलं हा आता पडतो, म्हणून मी त्याचा दंड धरला. त्याने तो सोडवून घेतला.

"खुणा काल मी घातल्या," तो म्हणाला.

त्याने पुन्हा सांगितलं, या वेळी क्योडेलकडे बघून. "खाली काही नव्हतं. मी काल दुपारी घातल्या. खऱ्या खुणा आमच्या बाजूला चौदा पावलांवर असतील. सत्तेचाळीस साली माझ्या बापाने दगड हलवला. रेटाबाई खोटं बोलत नव्हत्या."

मेर्गनरचा हात अजून पुढेच होता. तो त्याने हळूहळू खाली घेतला. मारेल, असं आम्हाला सगळ्यांना वाटलं. वरचे दोघं पुढेही सरकले. पण तो तिथेच गवतावर बसला, दोन्ही हात गुडघ्यांभोवती वेढून, आणि झऱ्याकडे बघत राहिला.

क्योडेल उठला. त्याला राग आला होता आणि तो लोरेन्झवर आला होता. जवळ जाऊन तो हलक्या आवाजात बोलला, पण मी शेजारीच होतो. "माती बोटाला लागली तेव्हाच मला कळलं होतं. चोपलेली माती मला कळत नाही असं वाटलं तुला? तुझ्या घरासाठी मी गप्प बसलो. आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोललो, ते तू घटकाभरसुद्धा टिकू दिलं नाहीस." मग तो मोठ्याने म्हणाला, की मोजणी करा.

चौदा पावलांवर पहारेने टोचून बघितलं. तिसऱ्या जागी पहार कशावर तरी खट्ट वाजली. क्योडेलने आम्हाला पुन्हा मागे जायला सांगितलं. लोरेन्झ सवयीने तिथेच उभा राहिला. त्या दिवशी पक्षकार असला तरी तो सातांतला होता, खुणा बघायचा त्याला हक्क होता.

"तूसुद्धा," क्योडेल म्हणाला. "तू आता बाहेरचा. तीस पावलं. पाठ कर."

एकवीस वर्षं तो त्या सातांत होता. तो आमच्यात येऊन पाठ करून उभा राहिला. त्याच्या मानेवर माशी बसली होती, ती त्याने उडवली नाही. मागे ते सहाजण माती चाळत होते, हळू बोलत होते. मग पाच माणसांनी दगड उचलून नव्या, म्हणजे जुन्याच, जागी नेला. त्यांच्या धापा ऐकू येत होत्या. झरा आता शिवेच्या खालच्या अंगाला गेला होता.

क्योडेलने दुसऱ्याच दिवशी आपली जागा सोडली. कारण सांगितलं नाही. लोकांनी वयावर घातलं.

श्राउडरांच्या घरी म्हाताऱ्याने मुलाशी बोलणं टाकलं. आपलं जेवण तो खोलीत मागवून घेऊ लागला. वरच्या अंगाच्या लोकांनी बाबेटला दुकानात ओळख देणं सोडलं. त्यांचा राग दगड हलवल्याचा नव्हता, सांगितल्याचा होता. मी सकाळी कॅन उचलायला गेलो की लोरेन्झ गोठ्यातच असायचा, बाहेर यायचा नाही. चौथ्या दिवशी त्याचे कॅन मेर्गनरच्याइतकेच हलके झाले.

पाणी मागायला बाबेट गेली. लोरेन्झ जातो म्हणाला होता, तिने जाऊ दिलं नाही. मेर्गनर गोठ्याच्या दारात पाती घासत बसला होता. तिने सांगितलं, चौदा जनावरं आहेत, जे म्हणाल ते करू. त्याने घासणं थांबवलं नाही.

"संध्याकाळी आणा," तो म्हणाला. "माझी झाल्यावर."

त्याची झाल्यावर म्हणजे अठरा गुरांनी तुडवून गढूळ केलेलं पाणी. पण पाणी. आभार मानून ती आली.

मग रोज संध्याकाळी पाच वाजता लोरेन्झ गुरं घेऊन कुंपणाशी जाऊन उभा राहायचा. पाण्याचा वास आल्यावर जनावर थांबत नाही, ती तारेवर रेलायची, एकमेकींना शिंगं लावायची, आणि तो त्यांच्या नाकपुड्या धरून मागे रेटायचा. मेर्गनर सावकाश एकेक गाय पाण्यावर घालायचा. मुद्दाम उशीर करायचा नाही, पण घाईही करायचा नाही. कधी पाऊण तास, कधी तासभर. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. रस्त्यावरून जाणारे बघून जात.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मी गाडी धुऊन घरी चाललो होतो, तेव्हा आंद्रेआस श्राउडर वाटेवर दिसला. दोन काठ्या, अंगात चर्चचा काळा कोट, त्या उन्हात. गाडीत बसा म्हणालो, तर त्याने मान हलवली. घरापासून कुंपणापर्यंतच्या पाचशे पावलांना त्याला अर्धा तास लागला. मी मागे मागे चालत राहिलो, पडला तर धरायला.

लोरेन्झने बापाला पाहिलं आणि गुरं थोडी बाजूला घेतली. म्हातारा तारेशी, मुलाच्या शेजारी, गुरांच्या रांगेत उभा राहिला. टोपी काढून त्याने काखेत धरली. पलीकडे मेर्गनरची सातवी का आठवी गाय पीत होती. मेर्गनरने बघितलं. पुढची गाय सोडायची तो थांबला.

"तुमचं काय काम?" त्याने विचारलं.

"काही नाही," म्हातारा म्हणाला. "वाट बघतोय."

मेर्गनरने नववी गाय सोडली, तिच्यामागे दहावी. म्हाताऱ्याच्या डोक्यावरचे विरळ केस घामाने चिकटले होते. लोरेन्झने एकदा त्याच्या कोपराला हात लावला, तो त्याने लावू दिला. बारावी झाली, तेरावी झाली. अठराही गुरं पिऊन झाल्यावर मेर्गनरने ती गोठ्याकडे हाकलली आणि रोजच्यासारखं कुंपणाचं फाटक उघडलं.

"डोक्यावर टोपी घाला," फाटक धरून तो म्हाताऱ्याला म्हणाला. "ऊन आहे."

आंद्रेआसने टोपी घातली नाही. लोरेन्झची गुरं त्याच्या दोन्ही अंगांनी फाटकातून आत गेली, आणि तो तसाच उघड्या डोक्याने, ती पिऊन होईपर्यंत, तिथे उभा राहिला.